घरचं एक सांगा

रविवार, ३ तारीख

आलो एकदाचे. सामान वर चढवताना पाठीचं पार भुसकट झालं, पण मन हलकं आहे. दोन खोल्या. एका खिडकीतून रस्ता दिसतो, दुसरीतून मागचं अंगण आणि कोणाची तरी वाळत घातलेली चादर. खाली पूर्वी शिंप्याचं दुकान होतं म्हणे. जिन्याखाली अजून चिंध्या आणि खडूचे तुकडे सापडतात. भिंगरीने ते सगळे गोळा करून फ्रॉकच्या खिशात कोंबले आणि आल्या आल्या दाराच्या आतल्या बाजूला स्वतःचं नाव लिहून टाकलं, म्हणजे घर आपलं झालं.

भिंगरी हे आमच्या मुलीचं घरातलं नाव. पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून मीच ठेवलं. नऊ वर्षांची झाली. मी चाळिशीला टेकलो होतो तेव्हा ती झाली. देवाने उशीर केला पण व्याजासकट दिलं, असं ही तेव्हा म्हणाली होती.

ही आत डबे लावता लावता गुणगुणते आहे. हिच्या गुणगुणण्याला शब्द नाहीत आणि खरं सांगायचं तर फारसा सूरही नाही. पण ते चालू असलं की घर चालू आहे असं वाटतं.

जुन्या गावी जन्मभर लोकांची बिघडलेली कुलपं दुरुस्त केली. उद्यापासून इथल्या कारखान्यात नवी कुलपं जोडायची. रोज चार ओळी लिहिण्याची सवय गावच्या शाळेत गुरुजींनी लावली, ती इथेही मोडणार नाही. आता डोळे मिटून घटकाभर बसेन. आत ती नेहमीची शांतता असते, कोणीतरी आपली वाट पाहत बसल्यासारखी. आज देवाचे आभार मानायचे आहेत.

सोमवार, ४ तारीख

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर आणि त्याखाली लोखंडी टेबलं. आमच्या टेबलाची कड हात लागून लागून आरशासारखी झाली आहे. माझ्या शेजारी किल्ल्या घासणारे एक वयस्कर गृहस्थ बसतात. त्यांना सगळे कानसकाका म्हणतात. समोर स्प्रिंगा वळणाऱ्या वहिनी. त्यांचं तोंड त्यांच्या हातांपेक्षा जोरात चालतं.

इथली एक रीत मला फार आवडली. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर ठेवायचे. मग मॅनेजरबाई म्हणतात, चला, घरचं एक सांगा. प्रत्येकाने घरातली आनंदाची एक गोष्ट सांगायची. बाई वयाने लहान आहेत, बोलणं मायेचं. त्यांनी मला समजावलं की पूर्वी त्या ओरडून आणि पगार कापून बघायच्या, तरी निम्मी कुलपं परत यायची. मग एकदा सहज त्यांनी लोकांना घरची विचारपूस केली आणि त्या दिवशी एकही कुलूप बिघडलं नाही. सुख घेऊन आलेल्या माणसाचे हात चुकत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. मला पटलं. एरवी कामाच्या ठिकाणी घरचं विचारतो कोण?

वहिनींनी शेजारणीचं बाळ झोपेत हसतं ते सांगितलं. कानसकाका म्हणाले, सकाळी चहा गरम होता. सगळे हसले. काकांच्या घरी चहाशिवाय दुसरं कोणी राहतच नाही वाटतं, असा टोमणा वहिनींनी मारला. काका हसले नाहीत.

मी भिंगरीच्या उडीचं सांगितलं. मी दारात आलो की ती जिन्यावरून अंगावर उडी घेते. धरा म्हणून सांगत नाही, बघतही नाही. बाबा धरणारच, एवढंच तिला ठाऊक. मग हात जे चालले! प्रत्येक स्प्रिंग आपल्या घरात जाऊन बसली, प्रत्येक किल्ली पहिल्या फेऱ्यात फिरली.

मधल्या सुट्टीत चुकून काकांचा पेला उचलला. एकाच किटलीतून सगळ्यांना चहा ओतला होता. त्यांचा अगदी गार होता.

शुक्रवार, ८ तारीख

मंगळवारपासून भिंगरी उडी मारत नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरते, एखाद्या म्हातारीसारखी. काल मी मुद्दाम हात पसरून उभा राहिलो. तिने विचारलं, बाबा, हात असे का केलेत? मी म्हटलं, उगीच, आळस दिला.

ही म्हणते, पोर मोठी झाली, तुम्हीच लहान राहिलात. असेलही.

मधल्या दिवसांत टेबलावर बारीकसारीक गोष्टी सांगितल्या. खिडकीतलं ऊन, नव्या चपला. आज हिच्या गुणगुणण्याचं सांगितलं, सूर नसलेलं कसं गोड लागतं ते. वहिनी म्हणाल्या, भाऊ, हे घरी सांगू नका, लाटणं बसेल. खूप हसलो. आमचं टेबल आज सगळ्यांच्या पुढे होतं. बाईंनी स्वतः येऊन पाठ थोपटली.

सोमवार, ११ तारीख

घर गप्प आहे. मला वाटलं ही रागावली. शेवटी विचारलं, हल्ली गुणगुणत का नाहीस? ही म्हणाली, कसलं गुणगुणणं? मला कुठे गाता येतं! थट्टा करत नव्हती. क्षणभर तिचे ओठ हलले, विसरलेलं नाव आठवावं तसे, आणि थांबले. मग ती भांडी पुसायला लागली.

दोन गोष्टी मनापासून सांगितल्या. दोन्ही गेल्या. उन्हाकडे आणि चपलांकडे तर मी नंतर पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. चपला पायात आहेत, पण त्या नव्या वाटत नाहीत, जुन्याही वाटत नाहीत. नुसत्या आहेत.

असा संशय घ्यायची मला लाज वाटते. म्हणून आज खात्री करायचं ठरवलं. माझी पाळी आल्यावर म्हटलं की सांगण्यासारखं काही नाही. तर दिवसभर टेबलाचं सगळंच बिनसलं. किल्ल्या कुलपात तुटल्या. वहिनींची एक स्प्रिंग उडून त्यांच्याच गालाला लागली. गाल चोळत त्या म्हणाल्या, काय हो भाऊ, घरचं सुख काय कुलूप लावून आलात?

संध्याकाळी बाईंनी बाजूला बोलावलं. रागावल्या नाहीत. असंच बिनसत गेलं म्हणून गेल्या साली पलीकडचं टेबल बंद करावं लागलं, म्हणाल्या, आणि तिथल्या माणसांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. मग विचारलं, घरी बरं आहे ना सगळं? त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. बाई वाईट नाहीत. त्या वाईट असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती.

बुधवार, १३ तारीख

खूप विचार केला. ज्याला कोणी हात लावू शकणार नाही असं काहीतरी सांगावं. म्हणून सकाळी देवाचं सांगितलं. डोळे मिटून बसलो की आत कोणी वाट पाहत असतं ते. टेबलावर सगळे शांत ऐकत होते. वहिनीसुद्धा. कामाला तर जणू पंख फुटले.

संध्याकाळी बसलो. डोळे मिटले. अंधार होता. नेहमीही अंधारच असतो, पण आजचा नुसता पापण्यांचा होता. नाव घेतलं. पुन्हा घेतलं. रिकाम्या घरात हाक मारावी तसं ते माझ्याकडेच परत आलं.

देव गेला असं मी म्हणणार नाही. पण तिथे वाट पाहणारं कोणी नव्हतं.

भिंगरी शेजारी येऊन बसली होती. माझ्यासारखेच डोळे मिटून. मी उठेपर्यंत हलली नाही. ती आहे तोवर मी उभा आहे.

शुक्रवार, १५ तारीख

आज नळावर हात धुताना कानसकाकांना सरळच विचारलं. त्यांनी आधी नळ बंद केला. मग म्हणाले, तुम्हाला लवकर कळलं. मला कळलं तेव्हा फार थोडं उरलं होतं.

मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. माझ्या दाराशी दोन खुंट्या आहेत, म्हणाले, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. एवढ्या खाली मी खुंट्या कशासाठी ठोकल्या असतील, तुम्हीच सांगा. मला आठवत नाही. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनाही नाही. आता फक्त चहा उरला आहे, तोही निम्मा गेला.

वहिनींचं काय, असं विचारलं. त्या हुशार, म्हणाले. स्वतःच्या घरचं कधी काढत नाहीत. ते बाळ आता झोपेतही हसत नाही, जागेपणीही नाही. शेजारीण पोराला घेऊन डॉक्टरांकडे फिरते आहे.

खोटंच सांगितलं तर? खोट्याने किल्ली फिरत नाही, म्हणाले. आणि ज्यात जीव नाही असं सांगूनही फिरत नाही. टेबलाला बरोबर कळतं. मी विचारलं, मग तुम्ही सोडून का जात नाही? काकांनी नळ पुन्हा सोडला. म्हणाले, जाऊ कोणासाठी?

घरी येऊन हिला म्हटलं, आपण परत जाऊ. ही म्हणाली, अहो, आत्ता कुठे पडदे लावले, पोरीची शाळा सुरू झाली, आणि परत जायचं ते कुठे? तिथलं सगळं मोडूनच आलो ना? तिचं खरं आहे. मी तिला काय सांगू? तू गात होतीस, असं सांगू?

सोमवार, १८ तारीख, सकाळी

बाईंनी शनिवारीच सांगून ठेवलं आहे की आज मोठं काम सुरू होतंय, जमलं तर टेबल राहील. सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनीसुद्धा थट्टा न करता.

मी काल दिवसभर विचार केला आणि मला वाट सापडली आहे. उडी थांबू शकते. गाणं थांबू शकतं. मनातली शांतताही विरू शकते, कारण ती येते-जाते. जे येतं-जातं तेच हे टेबल घेतं. मग जे करावं लागत नाही, जे नुसतं असतं, ते कसं घेईल? शेजाऱ्याचं ओरबाडण्याचं पाप नको आणि कोणाच्या पोटावर पायही नको. आज असं सांगेन की टेबलाला धरताच येऊ नये.

सोमवार, संध्याकाळी

सांगितलं. म्हटलं, माझी मुलगी हसते म्हणून नव्हे, बोलते म्हणून नव्हे, माझ्याजवळ येते म्हणून नव्हे. ती आहे. एवढंच माझं सुख.

कानसकाकांच्या कोपराचा धक्का लागून कानस खाली पडली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या तळव्यांखालची कड एकदम गार लागली. हात काढून घ्यावा म्हटलं, निघेना. मग निघाला.

आज कुलपं आपोआप जोडली गेली. मी काही केलंच नाही. बाई आनंदाने रडल्या.

धावत घरी आलो. भिंगरी जिन्यावर बसली होती. आहे. हात लावून पाहिला. आहे. देवा, आहे. तिने विचारलं, बाबा, का धावलात? मी हसलो.

मग जेवायला बसलो तर हिने दोनच ताटं वाढली.

मंगळवार, १९ तारीख

कामावर गेलो नाही.

सकाळी हिला विचारलं, भिंगरीचं ताट का वाढलं नाहीस? ही म्हणाली, कोणाचं? मी भिंगरीचा हात धरून तिला पुढे उभं केलं. हिने माझ्या रिकाम्या— नाही, रिकाम्या नाही, माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. फार हळू बोलली. म्हणाली, अहो, आपल्याला मूल झालं नाही. आपण ते कधीच स्वीकारलं आहे ना? आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

भिंगरी मध्ये उभी होती. आई, आई म्हणत होती. हिचा पदर ओढत होती. वारा आला म्हणून हिने खिडकी लावली.

शाळेत नेलं. शिक्षिकेने हजेरी घेतली, नाव पुकारलं नाही. भिंगरीच्या बाकावर दुसरीच मुलगी ऐसपैस बसली होती. दारामागचं खडूचं नाव दिसत नाही. मी बोट फिरवून पाहिलं, बोट पांढरं झालं नाही.

ती रडली नाही. फक्त विचारलं, बाबा, मी काही केलं का?

नाही गं. तू नाही.

बुधवार, २० तारीख

तिला एकटं सोडता येत नाही. ती खाटेवर झोपली होती आणि हिने धुतलेल्या कपड्यांचा ढीग तिच्यावर टाकला. मी ओरडलो. ही घाबरून शेजारी गेली. मला घाबरून.

ती हलकी झाली आहे. उचलली तर हाताला वजन लागत नाही. पण मला दिसते. अजून दिसते. डाव्या भुवईवरचा व्रण, दुधाचा दात पडलेली जागा, नखांत खडू. लिहून ठेवतो. सगळं लिहून ठेवतो.

कानसकाकांना गाठलं. परत कसं मिळतं, विचारलं. त्यांनी मान हलवली. मी विनवलं, निदान तुम्ही तरी पाहा, ही बघा, इथे उभी आहे. काका वाकले. बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, माझ्याही त्या खुंट्यांपाशी कोणी उभं असेल का हो?

उद्या तिला घेऊन टेबलावर जातो. बाईंना मन आहे. त्या मानतील. टेबल फोडू द्या म्हणेन. पाया पडेन.

गुरुवार, २१ तारीख, कारखान्यात

पटकन लिहितो.

हात धरून तिला आणलं. बाईंना सगळं सांगितलं. बाई रडल्या, खरंच रडल्या, आणि म्हणाल्या, तुम्ही थकलात हो, रजा घ्या, आजच्या दिवसापुरतं फक्त घरचं एक सांगा. मी म्हटलं, नाही सांगणार. परत द्या. टेबलावर मुठी आपटल्या. वहिनी तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. म्हणाल्या, भाऊ, असं नका करू, आमचीही पोरं आहेत.

आणि या गोंधळात भिंगरीने टाचा उंचावून दोन्ही तळवे कडेवर ठेवले. मी रोज घरी सांगायचो ना तिला, इथे कसं करतात ते. मला मदत करायला. मी रागावलो होतो ना, म्हणून, मला मदत करायला.

मी नको म्हणेपर्यंत—

ती म्हणाली, मी सांगते. मी अजून बाबांना दिसते.

मी वळलो आणि—

नाही. इथेच आहे. आवाज येतो आहे. उजवीकडून. बाबा, म्हणते. इकडे बाबा. मी हात फिरवतो आहे. सगळे बघत आहेत. टेबल सुरू झालं आहे, माझेही हात, मी थांबवतो तरी— एका हाताने लिहितो, दुसरा जोडतो आहे—

डाव्या भुवईवर व्रण. दात पडलेली जागा. नखांत

नखांत काय?

नाव वर लिहिलं आहे. पान उलटलं की दिसेल. भिंगरी. भिंगरी. भिंगरी. आवाज लहान होत चालला आहे. मोठ्याने बोल गं. मोठ्याने—

गुरुवार, दुपार

सुट्टी झाली. बाकावर बसून लिहितो आहे. बाई म्हणाल्या, असं काम या छपराखाली कधी झालं नव्हतं. टेबल राहिलं. वहिनींनी माझ्यासाठी चहा आणून ठेवला, नजर मात्र वर केली नाही.

वरच्या ओळी माझ्याच अक्षरात आहेत. तापात लिहिल्या असाव्यात. घरी जाऊन हिची माफी मागायला हवी. बिचारी घाबरली असेल. आम्ही दोघंच तर आहोत एकमेकांना.

डोळ्यांतून पाणी का येतं आहे कळत नाही. पत्र्याखाली गरम होतं, त्यानेच असेल. उजवा हात दुखतो आहे. काहीतरी फार घट्ट धरून बराच वेळ चाललो असेन, तसा. आणि वारा नसताना शर्टाची कड सारखी हलते आहे, खाली ओढल्यासारखी. आता बोटांनाही कोणीतरी